आई बाहेर आली की विकेट पडते

आमच्या घरात करमणुकीची वाटणी होती. सिनेमा आईचा, क्रिकेट बाबांचं. सिनेमात बाबा नावं संपायच्या आत घोरायला लागायचे, आणि मॅच सुरू झाली की आई स्वयंपाकघरात. तिला आवडायचं नाही म्हणून नव्हे हं. ती बाहेर आली की विकेट पडते, असं बाबांनी कधीतरी ठरवून टाकलं होतं.

लहानपणी मलाही ते पृथ्वी गोल असण्याइतकं खरं वाटायचं. भारताची बॅटिंग चालू असली की जो जिथे बसलाय त्याने तिथून हलायचं नाही. मांडी घातली असेल तर मांडीच, पायाला मुंग्या आल्या तर येऊ देत. आणि आई पदराला हात पुसत दारात आली रे आली, की बाबा ओरडायचे, "तू आत जा गं!" ती जायची. जरा वेळाने आतून विचारायची, "चौकार का?" आणि चौकारच असायचा.

दोघं पहिल्यांदा माझ्याकडे वेलिंग्टनला आले, त्याच उन्हाळ्यात भारताची टीमही इथे दौऱ्यावर होती. नवऱ्याने मॅचची तिकिटं काढली. त्याआधी, आल्या आल्या पहिल्या शनिवारी, मी दोघांना हिंदी सिनेमाला नेलं. इथल्या थिएटरात मध्यंतर नसतं. पडद्यावर इंटरव्हलची पाटी येते, क्षणभर थांबते आणि सिनेमा पुढे चालू. हे माहीत असूनही दर वेळी अर्धं थिएटर उठतं आणि ओशाळून परत बसतं. बाबा तर त्या पाटीनेच जागे झाले आणि थेट सामोसे आणायला निघाले. सामोसे कुठले मिळायला! भलामोठा पॉपकॉर्न घेऊन अंधारात चाचपडत आले आणि म्हणाले, "काय झालं मध्ये?"

"गप बसा. घरी गेल्यावर सांगते," आई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली.

गाडीत बसल्या बसल्या पुन्हा तेच, "अगं, मध्ये काय झालं?" आधी निवांत घोरत होते, त्याचं काही नाही. पण जागेपणी काही हुकलं की या माणसाला चैन पडत नाही.

मॅचच्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "तुम्ही जा. मी घरी थांबते, तुमची मॅच तरी धड होईल." माझं डोकंच फिरलं. "आई, एवढा प्रवास करून इथे येऊन माझ्या किचनमध्ये बसणार तू? त्याला तर दारसुद्धा नाही!" बाबा पेपरात तोंड घालून बसले होते. त्याच क्षणी मी ठरवलं, काहीही होवो, हिला आज पहिल्या बॉलपासून शेवटच्या बॉलपर्यंत मॅच बघायला मिळालीच पाहिजे.

मैदानाच्या फाटकावरच्या बाईंनी "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करत पिशवीतला पुऱ्यांचा डबा उघडून पाहिला आणि हसून आत सोडलं. आम्ही गवताच्या उतारावर सतरंजी पसरली. वारा असा, की चिवड्यातले पोहे उडून शेजाऱ्याच्या मांडीवर. आधी न्यूझीलंडची बॅटिंग होती. बाबा खुशीत आईला म्हणाले, "बस, बस! पडू देत यांच्या विकेटी." पण त्यांच्या काही पडेनात. बाबांच्या शास्त्रात हे बसत नव्हतं.

भारताची बॅटिंग सुरू झाली आणि दोन विकेट लागोपाठ गेल्या. कोणी काही म्हणायच्या आत आई आपणहून उठली. "पाणी भरून आणते," म्हणाली आणि गेली ती आलीच नाही. शेवटी मी शोधायला निघाले. खाण्याच्या गाड्यांच्या मागे, नळापाशी, मैदानाकडे पाठ करून उभी होती. हातात भरलेली बाटली. तेवढ्यात पलीकडून आरडाओरडा झाला.

"चौकार का गं?" तिने मला विचारलं.

मला असा राग आला म्हणता! हाताला धरून तिला परत आणली आणि सतरंजीच्या मधोमध बसवली.

बाबा म्हणाले, "अगं, आत्ता कुठे जरा जमतंय..."

"बाबा, आई इथेच बसणार. पडल्या विकेट तर पडू देत. सगळ्या पडू देत!"

पुढच्या सतरंजीवरचे एक गृहस्थ वळून हसले. "बसा हो काकू," म्हणाले. मराठीच निघाले.

आणि पडल्या की हो! एक, मग आणखी एक. बाबांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टोपी डोक्यावर दाबली. "मग मीच जातो," म्हणाले आणि इथे जँडल्स म्हणतात त्या नव्या स्लिपरा फटफटवत नळाकडे गेले.

ते गेले आणि धावांचा नुसता पाऊस! आई गुडघ्यांवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. तेवढ्यात नवऱ्याच्या फोनवर बाबा.

"काय झालं? सिक्स का?"

"फोर," आईने फोन हिसकावून घेतला. "काय मारला म्हणून सांगू!"

"मी येऊ?"

"छे! हलू नका तिथून. तुम्ही गेल्यापासूनच जमतंय." मी आणि नवरा हसून हसून लोळायचे बाकी होतो.

थोड्या वेळाने पुन्हा फोन. "अगं, नुसत्या आवाजावरून काही कळत नाही गं."

"कळतं हळूहळू," आई म्हणाली. "सवय झाली की."

टोमणा नव्हता तो, अगदी साधेपणाने म्हणाली. पण माझं हसू थांबलं.

शेवटची ओव्हर आली तेव्हा धावांच्या घाईत नऊ गडी बाद झाले होते, पण आता थोड्याच धावा हव्या होत्या. आईने स्वतः फोन लावला. "या इकडे."

"आई, आत्ता?" मी किंचाळलेच. इतक्या वर्षांचं मुरलेलं, जातंय कुठे! "जमतंय ना!"

"असू दे. मधलं हुकलं की त्यांना चैन पडत नाही."

बाबा आले. सतरंजीच्या कडेला अंग चोरून बसले. पहिलाच बॉल, आणि दांडी गुल! संपली मॅच. सगळीकडे न्यूझीलंडच्या काळ्या झेंड्यांचा जल्लोष.

"मी यायलाच नको होतं," बाबा गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

आईने त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं, डब्यातली पुरी हातात दिली.

"तुमचा काय संबंध? बॉलच भारी होता हो. बाहेर पडला आणि असा आत आला," तिने हाताने वळवून दाखवलं. "मी बघितला ना."