टाळ्या माझ्या वाट्याला आल्या
कपाट आवरताना टॅबलेट टीव्हीला जोडायची जुनी केबल हाती लागली आणि आमच्या संगणकप्रेमी गटाची बैठक भरायची तो रामदासपेठेतला हॉल आठवला. कुणालाही बदलता येईल अशा खुल्या ड्रायव्हर-प्रोग्रॅमवर टॅबलेटचं चित्र बाहेरच्या पडद्यावर आणणं आमच्या गटात कुणालाच जमत नव्हतं. त्या दुपारी मी केबल लावली, पडदा क्षणभर काळा राहिला आणि चित्र उमटलं. टाळ्या पडल्या. "कसं जमवलं गा?" एका ज्येष्ठांनी विचारलं. "बसलो चिकाटीनं," मी म्हणालो. खरं तर ड्रायव्हरमधली चूक माझ्या भिवापूरच्या मैत्रिणीनं शोधून दुरुस्त केली होती, आणि ती मागच्याच रांगेत होती. बाहेर आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "काहून गा?" "तुझं नाव घ्यायचं घाईत राहून गेलं वं," मी पुन्हा खोटं बोललो. त्या ड्रायव्हरच्या नोंदीत दुरुस्ती करणारा म्हणून आजही माझंच नाव आहे. ते बदलून तिचं घालायला सांगणारं पत्र मी गटाला तीनदा लिहिलं, पाठवलं मात्र नाही.