इब्राहीमभाईची मुकी गिटार

मी बेबीताई. कामरगावात बसस्टँडामागं माझं शिवणकाम हाय. गुलशन बँडाचे लाल कोट मीच शिवते. मले एक खोड हाय, एखादी गोष्ट समजली नाई की जेवण गोड लागत नाई. आन् या बँडातली एक गोष्ट मले कित्येक वर्सं समजत नव्हती. इब्राहीमभाई बँडाच्या गाड्यावर उभा राहून करते तरी काय?

बँडाचा मालक बबनराव ढोल बडवे, ते दिसे. ताशेवाले घामाघूम होत, ते बी दिसे. हा गडी मात्र चार जाड तारांची गिटार पोटावर घेऊन गाण्याची चाल सोडून भलतंच काहीतरी डुंब-डुंब करे. त्याच्या कोटाचं खालचं बटन गिटारीनं घासून दरसाल तुटे. मी लावून देई आन् मनात म्हणे, बाप्पा, बटन तोडाचीच मजुरी घेते का हा?

बबनराव आन् इब्राहीमभाई तरणे होते तवा उरुसाच्या संदलच्या मिरवणुकीत वाजवत. मंग अकोल्याचा कोणता तरी ऑर्केस्ट्रा मोडला, तिथून या दोघायनं ही जुनी गिटार आन् तिचा आवाज मोठा कराचं मशीन आणलं. संदलचा ठेका, पिच्चरची गाणी आन् वरून गिटार, असा तो कालवा जमला. म्हातारे लोक पहिले नाकं मुरडत. वरातीत मंग तेच पहिले नाचत. माझी भाची वर्षाराणी पुण्याले शिकते, ती एका लग्नात आयकून म्हणे, "आत्या, याले फंक म्हणतात. पहिल्या ठोक्यावर सगळा जोर. तिकडे लोक तिकीट काढून आयकतात!" मी म्हटलं, नाव काईबी ठेव, पाय तर आपोआप हालते ना.

डीजे आले, आजूबाजूचे बँड बसले. पण आसेगावपासून रिसोडपर्यंत लोक म्हणत, गुलशनच पायजे.

आता या बँडाची एक जुनी रीत. ज्या घरी मयत झाली असंल, त्या घरापुढून वरात निघाली का बँड बंद. सारे मुक्यानं चालत, अन् घर मागं पडलं का एकदम धाडकन सुरू. त्या बंदमधी मी एकदा पाह्यलं, इब्राहीमभाईनं मशीनचं बटन बंद केलं होतं, पण बोटं तारांवर चालूच! मी दुसऱ्या दिवशी धरलंच त्याले. "काहो भाई, मुकी गिटार कायले वाजवता?"

तो हासला. "बेबीताई, भाजीतलं मीठ दिसते का तुले?"

"मीठ घालाले एवढी मोठी गिटार लागते का?" मी म्हटलं. तो अजून हासला, आन् गिटार पुसाले लागला. लय राग आला मले.

यंदा लग्नसराईच्या तोंडावर इब्राहीमभाई गेला. छातीत कळ आली, बस. बबनरावचा पोरगा हरीओम आता बँड पाह्यते. त्यानं एक मशीन आणलं, त्यात त्या गिटारीचा आवाज भरून ठेवलेला, बटन दाबलं का वाजे. आवाज तर हुबेहूब. मले वाटलं, चला, झालं काम.

पण आसेगावच्या वरातीत मयतीचं घर आलं, बँड बंद झाला, आन् घर ओलांडल्यावर जो सुरू झाला, अरे राम! ढोल एकीकडं, ताशा दुसरीकडं, मशीन तिसरीकडं. नाचणारे उभेच राह्यले. पोट्टे शिट्ट्या माराले लागले. पुढच्या लग्नात बी तसंच झालं. हरीओम म्हणे, "अजून एकदा असं झालं तर गाडा इकून टाकतो." बबनराव माझ्या दुकानात येऊन बसला, तोंड उतरलेलं. म्हणे, "बंदमधी आमी सारे त्याच्या बोटाकडं पाहत होतो, बेबी. थो ठोका धरून ठेवे, म्हून आमी एका वक्ती येत होतो. आता कोणाकडं पाहावं?"

घ्या! एवढ्या वर्सानं माझ्या प्रश्नाचं उत्तर भेटलं, आन् भेटलं तर असं. मले रडूच कोसळलं.

पुढची वरात आमच्याच गावची होती, आन् रस्ता इब्राहीमभाईच्या गल्लीतून. दुसरा रस्ताच नाई. मी मुद्दाम सुलतानबीभाभीपाशी जाऊन बसली. इब्राहीमभाईची ती बायको, नवरा गेल्यावर पाळतात त्या इद्दतीत होती, म्हून घराबाहेर निंगत नव्हती. दाराले पडदा लावला होता. वरात गल्लीत शिरली आन् बँड बंद झाला. नुसते पायाचे आवाज. पडद्याच्या फटीतून मले बबनराव दिसला. ढोलाच्या काड्या काखेत, मान खाली. मी मनात म्हटलं, आज गुलशन बँड संपला.

आन् माझ्या बाजूले टक् झालं.

सुलतानबीभाभीनं परात उलटी घातली होती. बोटाच्या पेरानं तिच्यावर ठोका धरला भाभीनं. टक्, मंग जराशी उसंत, मंग दोन हलके, मंग पुन्हा टक्. सारी गल्ली चूप, म्हून आवाज दूरवर जाये. बाहेर बबनरावनं मान वर केली. काखेतल्या काड्या हातात घेतल्या. गाडा घरापुढून सरकला, नळाचा कोपरा ओलांडला, आन् धाडकन! ढोल, ताशा, मशीन, सारे एका ठोक्यावर. वरातीत जे ओरडले लोक!

"भाभी," मी म्हटलं, "तुमाले कोणं शिकवलं हे?"

"कोण शिकवीन? घरी थो मशीन न लावताच वाजवे. मी साऱ्या जिंदगीभर त्याच ठोक्यावर भाकरी थापल्या." बोटं परातीवर चालूच होती. "गेले का पुढं? जमलं त्यायले?"

"जमलं भाभी. लय झ्याक जमलं."

तवा तिनं हात थांबवला. परात बाजूले सारली.

"मंग आता रडू दे मले," ती म्हणे.