कॉलरबाईची शिकवणी

कारखान्यात तिला सगळे कॉलरबाई म्हणायचे. शर्टाला कॉलर बसवावी तर तिनेच! टाका जरा वाकडा गेला की सगळं उसवायची आणि पुन्हा पहिल्यापासून घालायची. साठी उलटली, नोकरी संपली. आता नवऱ्याजवळ निवांत बसू म्हटलं, तर नवराच हरवला. म्हणजे होता समोर खुर्चीतच, पण बायको कोण, घर कुणाचं, काही म्हणजे काही उमजत नव्हतं त्याला. भरवलं की खायचा, एरवी तोंडात मिठाची गुळणी.

तो जन्मभर एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत आलेला. जाड तारांचं ते धूड आता कपाटाच्या कडेला धूळ खात होतं. एकदा पुसताना तिचा हात तारेला लागला आणि खुर्चीतून आवाज आला, "ती जाड तार उतरलीय."

कित्येक महिन्यांनी धड एक वाक्य! तिच्या हातातलं फडकंच गळून पडलं.

"अहो, मला शिकवाल?" तिने भीत भीत विचारलं.

"बसा," तो म्हणाला.

आता बायकोला कुणी 'बसा' म्हणतं का! पण बोलला तरी, एवढ्यावर समाधान मानून ती बापडी गिटार घेऊन बसली. शिकवता शिकवता एक दिवस हा मान वर करेल आणि आपल्याला ओळखेल, एवढीच तिची आशा होती.

नणंद भेटायला आली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. "वहिनी, दादाचं राहू दे, तुझंच डोकं फिरलंय! या वयात गिटार?"

"मग काय भिंतीशी बोलू?" ती फणकारली.

तारा मेल्या बोटं सोलून काढत होत्या. एकदा वैतागून तिने शिवताना बोटात घालायचं लोखंडी अंगुस्तान चढवलं आणि तार दाबली. असा खरखराट झाला म्हणता, की तो पोट धरून हसला.

"अहो बाई, गिटार वाजवताय की पातेलं घासताय?"

तीही हसली आणि हसता हसता रडली. तो हसलेला शेवटचा कधी, हेही तिला आठवत नव्हतं.

खोड मात्र जाईना. चुकलं की ती थांबायची आणि मागे जायची. तो चिडायचा. "पुन्हा पहिल्यापासून कशाला? गाणारा थांबलाय का तुमच्यासाठी? चुकलं तर चुकलं, पुढे चला!"

शेवटी एका संध्याकाळी अख्खं गाणं एका दमात वाजलं. त्याने मान वर केली. डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं. तिने श्वास रोखला.

"वा! जमलं की. आता निघा तुम्ही."

"कुठे?"

"तुमच्या घरी. बायको येईल माझी कामावरून. ती घरात असताना मी वाजवत नाही. दिवसभर मशीनचा खडखडाट ऐकून डोकं उठलेलं असतं तिचं. बोलून दाखवत नाही, पण मला कळतं ना."

हा लोकांसाठी वाजवतो, घरच्या बाईची याला काय पर्वा, असं म्हणत तिने मनातल्या मनात इतकी वर्षं त्याला बोल लावले होते. एकदा तरी विचारायचं होतं गं, असं तिचं तिलाच वाटलं.

तिने गिटार खाली ठेवली आणि खांद्याला पिशवी अडकवून बाहेर पडली. जिन्यात उभं राहून डोळे पुसले, केस सारखे केले. कामावरून आलेली बायको म्हणून तरी ओळखेल. तिने बेल दाबली.

दार उघडलं. त्याने तिला नीट न्याहाळलं.

"बाई, काही राहिलं का तुमचं?"

"हो," ती कशीबशी म्हणाली. "आत येऊ?"

"या, पण लवकर आटपा." तो तिच्या खांद्यावरून जिन्याकडे बघत होता. "येईलच ती एवढ्यात."