पाणी मारलेल्या म्हशीचा काळा

नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात आमच्या हिच्या आत्याबाईंइतक्या तिखट नजरेचं दुसरं माणूस जन्माला आलेलं नाही, आणि त्यांच्याइतकं अस्वस्थ माणूस तर नद्यांच्या पलीकडेही सापडायचं नाही. सांगवीत त्यांची वांगी-टोमॅटोची दोन एकर बागायत आहे. सत्तरी उलटून गेली, पण या बाई कुठं घटकाभर टेकल्या आहेत असं मी कधी पाहिलं नाही. जेवतात त्या उभ्यानं, ताट चुलीच्या ओट्यावर ठेवून, आणि दोन घासांच्या मधे दारात जाऊन ठिबकची नळी बघून येतात. एसटीत जागा रिकामी असली तरी दांडा धरून उभ्या. एकदा कंडक्टर हातवारे करून म्हणाला, "बसा की आजी." तर त्याला म्हणाल्या, "तू उबा हाईस नव्हं? मग झालं."

हातवारे अशासाठी, की आत्याबाईंना ऐकू येत नाही. त्यांचे मालक पंचक्रोशीत लग्नाकार्याला लाउडस्पीकर लावायचे. आत्याबाई वीस-बावीस वर्षं कर्ण्याशेजारी उभ्या राहून त्यांच्या हातात एकेक रेकॉर्ड देत गेल्या, आणि कान त्या कर्ण्यालाच वाहून आल्या. उजव्या कानापाशी तोंड नेऊन ओरडलं तर शब्द कळतात. गाणं मात्र कायमचं बंद झालं. पुढं मालक गेले आणि मागं राहिल्या पाच लोखंडी पेट्या, रेकॉर्डींनी गच्च भरलेल्या. त्या माणसाला रंगीत रेकॉर्डींचा भारी नाद होता. आपल्याला रेकॉर्ड म्हटली की काळीच आठवते, पण लाल, पिवळ्या, निळ्या, काचेसारख्या आरपार अशाही निघायच्या, आणि पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारातून तो त्या हुडकून आणायचा.

दोन वर्षांपूर्वी पेट्यांत वाळवी शिरली. पाकिटं खाऊन झाली तेव्हा आत्याबाईंनी ठरवलं, की आता या रेकॉर्डी नीट सांभाळणाऱ्या माणसांच्या घरी जायला हव्यात. मोबाइलवर अशा शौकिनांचे गट असतात. तिथं फोटो टाकायचं काम माझ्याकडं आलं. बारामतीत राहणारा, चारचाकी असलेला आणि नाही म्हणता न येणारा जावई त्यांना एवढा एकच होता. फोटोबरोबर आत्याबाईंच्या हातची चिठ्ठी हवी, ही त्यांची अट. आणि त्या चिठ्ठ्यांनी पुण्या-मुंबईचे शौकीन वेडे झाले.

रेकॉर्ड तपासायची वेळ सकाळी नऊ ते साडेदहा. "बाराचं ऊन खोटं बोलतं," असं त्यांचं मत. अंगणात उभं राहून, दोन्ही तळव्यांत कडा धरून, रेकॉर्ड उन्हासमोर धरायची आणि उन्हाबरोबर स्वतः फिरत राहायचं. मग चिठ्ठी. एका पिवळ्या रेकॉर्डीवर लिहिलं होतं, "रंग काकवीचा, गुळाच्या अलीकडचा. आरपार दिसतं." एका निळीवर, "कॅनॉलला पाणी सुटल्यावर पहिल्या दिवशी असतं तशी गढूळ. तिसऱ्या दिवसाची समजून घेऊ नये." काळ्यांची तर गंमतच. नव्या छत्रीचा काळा, वापरलेल्या तव्याचा काळा, म्हशीचा काळा आणि पाणी मारलेल्या म्हशीचा काळा, असे चार वेगळे काळे मला त्यांनीच दाखवले. पहिल्यांदा मी हसलो. मग त्यांनी दोन रेकॉर्डी शेजारीशेजारी धरल्या, आणि काय सांगू, खरंच एक म्हैस कोरडी होती आणि एक ओली.

घेणाऱ्यांची मात्र परीक्षा असे. फोन मी लावायचा, प्रश्न त्यांचे. "घराला मावळतीकडं खिडकी हाय का इचारा." असली तर व्यवहार बंद, उन्हानं रेकॉर्ड वाकते म्हणून. मुंबईच्या एका गृहस्थांनी विचारलं, आवाज कसा आहे? मी ते उजव्या कानात ओरडलो. त्या फोनकडं बघून खणखणीत म्हणाल्या, "डोळ्यांचं इचारा, डोळ्यांचं सांगते!"

तर गेल्या पावसाळ्यात त्यांनी एक लाल रेकॉर्ड दिली. डाळिंबाचा दाणा जिभेवर धरून उजेडात बघावा तशी लाल, पलीकडची बोटं दिसतील इतकी स्वच्छ. मालकांची सगळ्यात लाडकी, नवरी मांडवात आली की हीच लागायची. पळसदेवच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना ती मिळाली, कारण त्यांच्या घराला मावळतीची खिडकी नव्हती. चिठ्ठीत लिहिलं होतं, "दोन्ही बाजूंना एकही चरा नाही." मास्तर स्वतः येऊन घेऊन गेले.

चौथ्या दिवशी सकाळी सातला आत्याबाई आमच्या दारात. चेहरा ओढलेला.

"जावईबापू, गाडी काढा. मी खोटं लिवलं."

"काय खोटं?" मी उजव्या कानाशी ओरडलो.

"त्या दिशी आभाळ व्हतं. दुसऱ्या बाजूला केसाएवढी रेघ दिसल्यागत झाली, आन मी म्हनलं आसंल पदराचा धागा. धागा न्हवता तो. तीन दिस झालं, जेवान उतरंना."

शाळेला रजा टाकून मी गाडी काढली. भिगवणला चहासुद्धा घेऊ दिला नाही. सीटच्या अगदी कडेला बसून त्या पुढची काच पुन्हापुन्हा पदरानं पुसत होत्या, जणू रस्ता स्वच्छ झाला तर लवकर संपेल. उजनीचं पाणी दिसायला लागलं तरी त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

मास्तर ओसरीत पेपर वाचत होते. आत्याबाई रामराम न करता थेट आत गेल्या, कपाटातली लाल रेकॉर्ड बरोबर ओळखून बाहेर आणली आणि अंगणात उन्हाला धरली. मग हात खाली आले.

"हाय. चरा हाय. मी परत घेते."

"अहो बाई, असू द्या!" मास्तर त्यांच्या उजव्या कानाशी ओरडले. "मला काही तक्रार नाही!"

"तुमची नसंल. माजी हाय."

मास्तरांनी आत्याबाईंच्या हातून रेकॉर्ड अलगद घेतली, यंत्रावर ठेवली आणि दुसरी बाजू लावली. ओसरीत गाणं सुरू झालं. आत्याबाई वाकून फिरत्या रेकॉर्डीकडं बघत राहिल्या. थोड्या वेळानं बारीक टक् असा आवाज आला, पुन्हापुन्हा आला, मग गेला. त्यांनी सुईवरची नजर न हलवता मला विचारलं, "वाजला का चरा?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण ज्या बाईला तीन दिवस एका केसानं जेवू दिलं नव्हतं, तिच्याशी खोटं बोलायचं धाडस होईना. "वाजला," मी कानात म्हणालो. "चार-पाच वेळा."

त्यांनी मान हलवली. आणि अचानक बोट वर केलं. "आता बाई वर जाईल. हितं बगा, रेघा कशा दाट झाल्यात." त्यांचं बोट वर गेलं आणि त्याच क्षणी गाणारीनं वरचा सूर लावला. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, मी मास्तरांकडं.

रेकॉर्ड संपल्यावर मास्तर त्यांच्या कानाशी एवढंच म्हणाले, "ही मी देणार नाही." आत्याबाईंनी बराच विचार केला. मग चिठ्ठी मागून घेतली, उभ्याउभ्या कपाटावर टेकवून "एकही चरा नाही" यावर काट मारली आणि खाली लिहिलं, "दुसऱ्या बाजूला केसाएवढा चरा. चूक माझी." सही केली, तारीख घातली, चपला घातल्या आणि निघाल्या.

परतीच्या वाटेवरही त्यांचं काच पुसणं चालूच होतं. मदनवाडीच्या पुढं आल्यावर म्हणाल्या, "जावईबापू, त्या बाईचा आवाज कसा हाय हो?"

"चांगला आहे," मी त्यांच्या कानाकडं झुकून ओरडलो.

"चांगला म्हंजी? नीट सांगा की."

मी गाडी बाजूला घेतली. वर्षानुवर्षं पोरांना निबंध शिकवलेला मी, मला एक धड वाक्य सुचेना. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, उन्हाला रेकॉर्ड धरल्यावर बघत तशाच. शेवटी मी उजव्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, "पहाटे घरात कुणी उठलेलं नसतं, आणि चुलीवर दूध तापत असतं. तसा."

त्यांनी डोळे मिटले.

"साय धरायच्या आदी का मागनं?"

"आधी."

"व्हय," त्या हळूच म्हणाल्या, इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तसाच व्हता." आणि पुढं बारामती येईपर्यंत त्यांनी काच पुसली नाही.