सोळा फेब्रुवारीची ल्युबा

"सही करणार नाही असं मी म्हणतच नाहीये, रादका. मी एवढंच म्हणतेय, की तिसरं वाक्य खोटं आहे. ते बदला."

"आई, एका वाक्याला काय धरून बसलीस? बदक गार होतंय."

"होऊ दे."

कोबीच्या भांड्याला टेकून तो कागद उभा होता. जेवणाआधी जावयाने, विलेमने, पुढे केला, तेव्हा ब्लाझेनाबाईंनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. तिसरं वाक्य असं होतं: ल्युबा हा पेशीवंश डॉ. विलेम यांनी ऑक्टोबर १९९१ मध्ये व्हिएन्नात तयार केला आणि त्याला आपल्या नवजात कन्येचे नाव दिले, तर डॉ. ब्लाझेना यांनी आरंभीच्या काळात उंदरांची देखभाल केली. एका मोठ्या औषध कंपनीला प्रयोगशाळेत वाढत राहणाऱ्या पेशींची ही ल्युबा हवी होती, आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाचाही हक्क नाही असं ब्लाझेनाबाईंच्या सहीने लेखी हवं होतं.

ज्या मुलीचं नाव त्यात होतं, ती सात वर्षांची ल्युबा तेव्हा शेजारी आमच्याकडे बसून टीव्ही बघत होती. मोठ्यांना बोलायचंय म्हणून तिला आमच्याकडे पाठवलं होतं. आमच्या इमारतीच्या भिंती अशा, की शेजारचा चमचा पडला तरी कळतो. जे ऐकू आलं नाही ते पुढे ब्लाझेनाबाईंनीच सांगितलं.

इथल्या, ब्रनोच्या, कर्करोग संशोधन संस्थेत त्या एकतीस वर्षं होत्या. पोटाच्या कर्करोगाच्या गाठीतला अर्क उंदराला टोचायचा, उंदराचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, बनवायला लागलं की त्याच्या प्लीहेतल्या पेशी काढायच्या, न मरणाऱ्या पेशींशी त्यांचा सांधा जुळवायचा आणि बारीक खळग्यांच्या ताटल्यांत त्या वाटून टाकायच्या. मग एकेक खळगा तपासायचा. हजारातला एखादाच असा निघतो, की त्यातलं प्रतिपिंड गाठीच्या पेशीला जाऊन चिकटतं आणि शेजारच्या निरोगी पेशीला शिवतही नाही. बाकीच्या संस्था असल्या वंशांना आकडे द्यायच्या. ब्लाझेनाबाई खळगा ज्या दिवशी सापडला, त्या दिवशी कॅलेंडरात ज्या नावाचा दिवस, म्हणजे नामदिन, छापलेला असेल ते नाव देत. आकडे विसरतात, नावं विसरत नाहीत, असं त्या म्हणत. मिलोस्लावा दोन महिन्यांत गप्प झाली, प्रतिपिंडं बनवेनाशी झाली. गिझेलाला बुरशी लागली. ल्युबा तेवढी तगली. सोळा फेब्रुवारी १९८६, रविवार. सूक्ष्मदर्शकाखाली प्रतिपिंड चिकटून गाठ तपकिरी झाली होती आणि भोवतीचं सगळं स्वच्छ होतं. त्या दिवशी बाई संस्थेतच राहिल्या आणि घरी ओव्हनमध्ये डुकराचं मांस करपलं. नवरा ओत्मार तेव्हापासून ही गोष्ट पाहुण्यांना सांगत आलाय.

विलेम त्यांच्याच हाताखाली शिकला. आधी 'बाई' म्हणायचा, रादकाशी लग्न झाल्यावर 'आई' म्हणायला लागला. एकोणनव्वदच्या अखेरीस सीमा उघडली आणि नव्वद साली त्याला व्हिएन्नात जागा मिळाली, तेव्हा बाईंनी स्वतः ल्युबाची कुपी त्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, अंगाच्या उबेला. कागद नाही, पावती नाही. आमच्याकडे तसंच चालायचं. परदेशातून काही मागवता येत नसे, मग ज्याच्याकडे जे असेल ते तो दुसऱ्याला देई, आणि उत्तरादाखल एक पोस्टकार्ड येई. पुढच्या वर्षी नात झाली, आणि आईला बरं वाटेल म्हणून रादकानेच तिचं नाव ल्युबा ठेवलं. बाई त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडल्या होत्या.

"मुलीच्या आधी साडेपाच वर्षं ती पेशींची ल्युबा होती," बाई म्हणाल्या. "मुलीला तिचं नाव दिलं. तिला मुलीचं नाही."

विलेमने शांतपणे बदकाची तंगडी सोडवली. तो म्हणाला, की कोणी कुणाचं नाव कुणाला दिलं याने कंपनीला काही फरक पडत नाही. काम त्याने उभं केलं, रुग्णांवर चाचण्या त्याने करवल्या. आठ वर्षं दर सोमवारी पहाटेची गाडी त्याने पकडली.

"ते लिही की. ते खरं आहे. मी उंदरांना दाणे घालत होते, हे कशाला लिहिलंस?"

"बाई, तुम्ही ल्युबाला केकसारखं वाटत सुटलात. ज्याने हात पुढे केला, त्याच्या हातावर तुकडा. आता म्हणता, माझी होती. जे तुम्हीच सांभाळलं नाही, ते कोणाचं म्हणायचं?"

रागाच्या भरात तो पुन्हा 'बाई'वर आला, हे रादकाच्याही लक्षात आलं. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"माझ्याकडे वही आहे," ब्लाझेनाबाई म्हणाल्या. "तारीख आहे, ताटली आहे, खळगा आहे. वही वाचा, वाक्य बदला, मी लगेच सही करते. मला दुसरं काही नको."

ओत्मारने काटा खाली ठेवला. विलेम त्याच्याकडे बघत होता आणि रादका खिडकीबाहेर.

संस्था नव्या इमारतीत गेली तेव्हा जुने कागद कचऱ्यात निघाले होते. ती वही बाईंनी घरी आणून कोठीत, जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्यांमागे ठेवली होती. त्या उठल्या. बरण्या सरकवल्याचा आवाज मला ऐकू आला, मग सगळ्या बरण्या एकेक करून खाली ठेवल्याचा.

कोठीची दुसरी किल्ली ओत्मारकडेच असे; रिकाम्या हाताने परत आल्या तेव्हा त्यांनी जावयाला काही विचारलं नाही. "ओत्मार," त्या म्हणाल्या.

"वही मी विलेमला दिली," तो म्हणाला. "ईस्टरला. रादका रडत होती. घरात शांतता राहावी म्हणून दिली."

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर दिली असतीस?" मग त्याचा आवाज चढला. कत्तलखान्यातून वासराच्या रक्ताची बरणी सकाळच्या ट्राममधून कोण आणायचं, असं त्याने विचारलं. त्याच रक्तावर त्या पेशी वाढायच्या. त्याच्या कामावरचे, डेपोतले लोक त्याला खाटीक म्हणून चिडवायचे. त्याचं नाव कुठे कोणी लिहिलं? त्याने कधी मागितलं? कागदावरच्या नावाने कुणाचं पोट भरतं?

"बरण्या तू आणल्यास, ते मी वहीत लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "पहिल्याच पानावर. तू उघडून बघितली नाहीस."

वही व्हिएन्नात सुरक्षित आहे, असं विलेमने सांगितलं. ती परत कधी देणार, ते सांगितलं नाही. रादका म्हणाली, "आई, आम्ही तुला फसवायला नव्हतो गं निघालो. तू कधी ना कधी सही करशीलच, असं वाटलं."

"तुला ईस्टरपासून माहीत होतं."

रादकाने होकारार्थी मान हलवली.

ब्लाझेनाबाई बाहेरच्या पॅसेजमध्ये फोनपाशी गेल्या. शिवणाच्या जुन्या डब्यात त्यांची पोस्टकार्डं असत. त्यातलं एक काढून, त्यावरचा नंबर बघून त्यांनी हंगेरीत सेगेदला, त्यांच्यासारख्याच संशोधक असलेल्या एटेल्काला फोन लावला. दोघींची भाषा शाळेत सक्तीने शिकलेली मोडकी रशियन. एटेल्का सत्याऐंशीच्या मार्चमध्ये आली होती आणि ल्युबाची कुपी कोटाच्या आत छातीशी धरून अख्खी रात्र गाडीत बसून परत गेली होती. एटेल्का म्हणाली, की द्रव नायट्रोजनच्या टाकीत ल्युबाच्या गोठवलेल्या चार नळ्या अजून आहेत. वसंतात टाकी साफ केली तेव्हा तिने स्वतः हाताळल्या होत्या. चिठ्ठी बाईंच्या अक्षरातली, नाव आणि तारखेसकट. आणि हे काय विचारायची गोष्ट आहे, असंही म्हणाली. ल्युबा कुणाची ते इकडे सगळ्यांना माहीत आहे.

बाईंनी फोन ठेवला आणि खोलीत आल्या. बदकावर चरबी पांढरी गोठली होती. कोणी जेवलं नव्हतं. त्यांनी कागद उचलला, पुसला, कारण त्याला कोबीचा रस लागला होता, आणि विलेमच्या ताटाशेजारी ठेवला.

"मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या. "वाक्य बदललंस तरी नाही. मंगळवारी मी सेगेदला जातेय, तिथून नळ्यांचा लेखी दाखला घेऊन कंपनीला पाठवणार. पुढच्या रविवारपासून या घरात तुम्हा दोघांसाठी स्वयंपाक होणार नाही. मुलीला शाळेतून मी आणते तशीच आणीन. ओत्मार, तू बाहेरच्या खोलीत झोपशील. कोठीची किल्ली इथे ठेव."

ओत्मारने खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.