पाला झाडलेल्या कुंड्या

बाबांची कापड मिल बंद झाली त्या साली घरात पगार आणणारा मी एकटा उरलो. नोकरी एका प्रयोगशाळेत, तीही कच्ची. डोंगरातल्या चहामळ्याची माती पोत्यांतून इंदूरला आली होती. शेडमधल्या कुंड्यांत ती भरून चहाची रोपं लावली होती. निम्म्या कुंड्यांत रोपाखाली गळलेला पाला पसरलेला, बाकीच्या उघड्या. कुंडीवर डबा पालथा घालून मातीतून निघणारा वायू मोजायचा. कुजता पाला हवेत कार्बन डायऑक्साइड किती वाढवतो, ते पाहायचं होतं. बाहेरचा माणूस शेडमध्ये दिसला तर नोकरी गेली समजा, असं तिथल्या मुख्य सरांनी बजावलं होतं.

बाबा दुपारी सायकलवर माझा डबा आणत. मिलमध्ये यंत्राखाली रुई साचली की आग पकडते, म्हणून पडलेलं दिसलं की झाडायचं, ही हाताची सवय. एकदा मी कँटीनमध्ये असताना ते आत शिरले. परतलो तर सगळ्या कुंड्या लख्ख, कोपऱ्यात पाल्याचा ढीग, बाबा झाडू घेऊन खूश.

"किती कचरा रे! साहेब काय म्हणतील?"

साहेब दारातच उभे होते.

"ये कौन है?"

"नये सफाईवाले हैं, सर," मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "गलती हो गई, साहब."

सर त्यांच्यावर खूप ओरडले. मग मला म्हणाले, "अब पत्ते हट ही गए हैं, तो नापते रहो." पाला काढल्यावर वायू दिवसागणिक कसा उतरत गेला, तोच भाग पुढे अहवालात सगळ्यांना आवडला. माझी नोकरी टिकली. बाबा घरी एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून डबा फाटकावरच ठेवून जाऊ लागले. आमचं घर त्या डब्यावर आणि त्या गप्प राहण्यावर चाललं.

राजेंद्र नगरला घर झाल्यावर, खूप उशिरा, मी गॅलरीत त्यांची माफी मागितली.

"अरे भिया," ते हसत इंदुरी ढंगात म्हणाले, "मिलचं काम सुटल्यावर पहिल्यांदा कोणी साहेब माझ्यावर ओरडला. कामावर असल्यासारखं वाटलं."

हे खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून, ते मी विचारलं नाही. त्यांनी वाकून तुळशीच्या कुंडीतलं वाळकं पान उचललं आणि माझ्याकडे पाहिलं.

"काढू, का राहू देऊ?"