भिंगातली धूळ

त्याला सगळे फोकस म्हणत. लहान मुलं फोकसकाका म्हणत, आणि बायको अर्थातच 'अहो' म्हणे. सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर व्याख्यानांसाठी एक सभागृह होतं. तिथल्या खुर्च्या, माइक, खिडक्यांचे जाड पडदे आणि मधल्या टेबलावरचा प्रोजेक्टर, एवढं त्याचं राज्य. राज्य लहान असलं तरी राजाचा रुबाब बघण्यासारखा होता. पाहुणा कितीही मोठा असो, तो टेबलाकडे सरकायला लागला की फोकस हात जोडून म्हणे, "काय हवं ते लांबून सांगा साहेब. याला हात माझाच लागू दे."

काम मात्र चोख. कार्यक्रम संध्याकाळचा असला तरी हा दुपारीच हजर. आधी टेबल हलवून बघायचा. डुगडुगणाऱ्या टेबलावर त्यानं प्रोजेक्टर कधी ठेवला नाही. टेबलाचे पाय कुठे यावेत याच्या खुणा त्यानं जमिनीवर रंगानं करून ठेवल्या होत्या, त्यामुळे चित्र पडद्यात नेमकं मावे, वर फाकत नसे की खाली निमुळतं होत नसे. कोणी उंची वाढवायला खाली पुस्तकं सारली की याच्या कपाळाला आठी. "खालून हवा कोंडते त्याची. नाक दाबून पळायला सांगाल का कोणाला?" वायर तो भिंतीच्या कडेनं नेऊन रुंद चिकटपट्टीनं जमिनीला पक्की करी, कारण एका समारंभात अध्यक्षांनी वायरीत पाय अडकवून श्रोत्यांना साष्टांग दंडवत घातलेला त्यानं पाहिला होता. आणि सगळं संपल्यावर लोक जिना उतरायला लागले तरी हा टेबलाशी बसून राही. दिवा विझवला तरी आतला पंखा फिरत असतो, आणि तो आपण होऊन थांबेपर्यंत प्लगला हात लावायचा नसतो. पंख्याच्या जाळीसमोर तळवा धरून तो गरम वारा गार व्हायची वाट बघे. तापलेल्या दिव्याला आणि तापलेल्या माणसाला लगेच हलवू नये, असं तो घरी आणि दारी सांगत असे.

सगळ्यांत कडक नियम डोळ्यांचा. दिवा चालू असताना भिंगात बघायचं नाही. मुलगी लहान असताना एकदा सभागृहात आली होती, आणि हा उजेड येतो तरी कुठून म्हणून भिंगासमोर वाकली. तिनं जन्मात बापाचा ओरडा एकदाच खाल्ला, तो त्या दिवशी. "डोळे!" एवढा एकच शब्द तो ओरडला. पोरगी दचकून रडायला लागली, मग तिला कडेवर घेऊन हाच बिचारा खुर्च्यांच्या रांगांमधून फेऱ्या मारत बसला.

आणखी एक गोष्ट तो करत नसे, पण ती नियम म्हणून नाही, ताठा म्हणून. "सगळ्यांना दिसतंय ना?" असं त्यानं श्रोत्यांना कधीच विचारलं नव्हतं. विचारावं लागलं तर ऑपरेटर कसला, असं त्याचं म्हणणं. पडद्याच्या कोपऱ्यातलं सगळ्यांत बारीक अक्षर बघायचं, भिंगाभोवतीची कडी हळूच फिरवायची, अक्षर टोकदार झालं की हात काढून घ्यायचा. नाव काही उगाच पडलं नव्हतं.

तर ही कडी एके दिवशी त्याचं ऐकेनाशी झाली.

बागकामावरचं व्याख्यान होतं. पाहुणे पानांवरच्या रोगांचे फोटो दाखवत होते, आणि फोकसला पानांच्या कडांना लव फुटल्यासारखी दिसत होती. त्यानं कडी एका बाजूला फिरवली, मग दुसऱ्या बाजूला. सभागृहात चुळबुळ झाली. पुढच्या रांगेतले एक आजोबा, जे एकही व्याख्यान चुकवत नसत आणि एकाही व्याख्यानात पूर्ण वेळ जागे राहत नसत, मागे वळून म्हणाले, "अहो, मघाशी बरं होतं." फोकसनं मनात म्हटलं, या वयात आजोबांना काय कळतंय बरं आणि वाईट.

दुसऱ्या दिवशी त्यानं मऊ फडक्यानं भिंग पुसलं, जाळी काढून धूळ झटकली. धुकं तसंच. पडदा पुसून झाला. धुकं होतंच. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं सगळं उघडून बघितलं आणि म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे."

"ठणठणीत काय? पडद्यावर बघा ना, धुकं पसरलंय."

"मला तर नाही दिसत धुकं."

फोकसला त्याची कीव आली. त्यानं त्याला चष्म्याच्या एका चांगल्या दुकानाचा पत्ता दिला. "लाज कसली त्यात? वय होतं माणसाचं," असंही वर सांगितलं. दुरुस्तीवाला याच्या मुलीच्या वयाचा होता. जिना उतरताना तो 'नाचता येईना अंगण वाकडं' असं काहीसं पुटपुटला. ते फोकसला नीट ऐकू आलं, कारण कान अजून तिखट होते.

घरी त्याची बायको शिवणाची कामं घेई. परकरांच्या पट्ट्या, पँटचे काठ, बटणं, हातशिलाई. रोज सकाळी चहा पिता पिता तिच्या सुयांमध्ये दोरा ओवून ठेवणं हे लग्नापासून याचं काम. तो सुया ओवून सुयांच्या छोट्या उशीवर टोचून ठेवी आणि मग बाहेर पडे. हल्ली त्या कामाला चहाचा दुसरा कप लागायला लागला होता, पण बायको काही बोलत नव्हती. सुया घ्यायची आणि "झालं बाई एक काम," म्हणून उठायची.

अशात वाचनालय सांभाळणाऱ्या बाईंनी बातमी दिली की या महिन्याच्या व्याख्यानाला फोकसच्याच मुलीला बोलावलंय. ती परगावी कॉलेजात शिकवत होती. नद्यांच्या पात्रातले दगड, त्यांच्या रेघा, त्यांची वयं, हा तिचा विषय. ज्या खुर्च्यांखाली ती लपाछपी खेळली, त्या खुर्च्यांवर माणसं बसून तिचं ऐकणार होती. फोकसनं भेटेल त्याला सांगितलं. घरी आल्यावर मात्र त्याला काळजी लागली. दगडांवरच्या रेघा केसासारख्या बारीक असतात, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. सगळ्या जगाची चित्रं दाखवली, आणि नेमकं लेकीचं चित्र आपल्या हातून धुरकट गेलं तर? त्यानं बाईंकडे नवं भिंग मागितलं. बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी दुपारी तालीम ठरली. मुलगी लॅपटॉप घेऊन आली, बायको हातातली शिलाई घेऊन मागच्या रांगेत बसली. फोकसनं टेबल खुणांवर आणलं, वायर चिकटवली, भिंगावरचं झाकण काढलं आणि मग दिवा लावला. पडद्यावर एक करडा दगड आला. फोकसनं कडी फिरवली.

"बाबा, आता बिघडलं."

"थांब, होतंय." त्यानं उलटी फिरवली.

"हां, इथे. नाही, गेलं पुढे."

"अगं, मला कळतं की नाही?" तो जरा चढ्या आवाजात म्हणाला. "कडीचा दोष नाही, आत धूळ बसलीय. त्या दुरुस्तीवाल्यानं काही केलेलं नाही." आणि रागाच्या भरात तो टेबलाला वळसा घालून पुढे गेला आणि ती धूळ शोधायला पेटत्या भिंगासमोर वाकला.

"डोळे!"

मुलीनं ओरडतच हात मधे घातला. तिच्या तळव्यावर दगडाच्या रेघा पडल्या. फोकस जागच्या जागी ताठ झाला. आपण काय करत होतो ते त्याला तेव्हा कळलं, आणि भीतीपेक्षा शरमच जास्त वाटली.

"धूळ आहे आत," तो म्हणाला.

"नाहीये बाबा. मला बारीकातली बारीक रेघ दिसतेय."

मागच्या रांगेतून बायको म्हणाली, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. तुम्हाला भिंगातलं दिसलं. आपल्या डोळ्यातलं मुसळ तेवढं राहिलं."

"तुला काय माहीत?"

"मला काय माहीत? गेले कित्येक महिने तुम्ही दोरा सुईच्या शेजारून नेताय. नुसता गुंडाळून ठेवता, आणि मी तो आत जाऊन ओवून घेते."

फोकस खुर्चीवर बसला. त्याला आधी राग आला, मग रोज सकाळी ती त्याच्यासमोरून सुया उचलून न्यायची ते आठवलं, आणि राग धरवेना. "सांगायचं नाही का?" तो म्हणाला.

"सांगणार होते. पण तुम्ही दुरुस्तीवाल्याला चष्मा लावायला सांगून आलात, मग मला धीरच झाला नाही."

मुलगी हसू दाबत लॅपटॉपकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊ. संध्याकाळी हे दुसरं कोणी बघेल."

"दुसरं कोणी म्हणजे कोण?" फोकसनं विचारलं.

सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. मोतीबिंदू. उजवा चांगलाच पिकलेला. "घाबरायचं कारण नाही," डॉक्टर म्हणाले, "आतलं भिंग गढूळ झालंय. ते काढून नवं बसवायचं."

"पुसून भागणार नाही?"

"नाही."

"आणि दिवा? दिवा शाबूत आहे ना?"

डॉक्टर क्षणभर गोंधळले. मुलीनं समजावून सांगितल्यावर ते म्हणाले की डोळ्यांच्या मागचा पडदाही शाबूत आहे आणि नजरेचा दिवाही. फोकसच्या छातीवरचं ओझं उतरलं. नवं भिंग पुढच्या वर्षीपर्यंत लांबणार नाही एवढं त्यानं विचारून घेतलं.

प्रश्न संध्याकाळचा होता. टेबल, वायर, हवा, उंची, सगळं त्याच्या हातांना पाठ होतं. कडीसाठी मात्र डोळे लागणार. मुलगी म्हणाली, मी व्यासपीठावरून सांगेन. फोकसला ते पसंत पडेना. पाहुणीनं ऑपरेटरला शिकवायचं, तेही भरल्या सभागृहात! शेवटी बायकोनं तोड काढली. मुलीनं व्यासपीठावरून काही बोलायचं नाही; ती स्वतः शेवटच्या रांगेत बसेल, चित्र स्वच्छ झालं की एकदा खोकेल, आणि कोणाला पत्ताही लागणार नाही.

सभागृह भरलं. बाईंनी ओळख करून दिली, फोकसनं पडदे ओढले, दिवा लावला. पडद्यावर दगड आला, म्हणजे करडा ढग आला. त्यानं कडीवर बोटं ठेवली आणि हळूहळू फिरवायला लागला. शेवटच्या रांगेतून खोकला आला. तो थांबला. इतक्यात उजवीकडून कोणी खोकलं. फोकसच्या पुढच्या खुर्चीतल्या एक बाई खोकल्या. पडदे ओढताना उडालेल्या धुळीनं सगळ्यांच्याच घशात खवखव सुरू झाली असावी, कारण मग आजोबाही खोकले, आणि त्यांचं ऐकून आणखी दोघं. बायकोचा खोकला त्यानं अंधारात हजारांतून ओळखला असता, पण ती बिचारी आता मदत म्हणून पुन्हा पुन्हा खोकत होती, आणि फोकसची बोटं कडीवर मागेपुढे होत होती.

मुलगी व्यासपीठावर उभी होती. तिनं कबूल केल्याप्रमाणे ती एक शब्द बोलली नाही. नुसती त्याच्याकडे बघत थांबली. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, पण ती अशी थांबते तेव्हा कशी दिसते ते त्याला माहीत होतं.

फोकसनं कडीवरून हात काढला आणि उभा राहिला.

"मंडळी," तो म्हणाला. "मला नीट दिसत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी कडी फिरवतो, तुम्ही सांगा, कुठे थांबू."

खोकले एकदम थांबले. मग पुढच्या रांगेतून आजोबांचा आवाज आला, "थोडं उलटं घ्या. अजून. अजून थोडंसं." आणि मग त्यांच्यासकट, बायकोसकट, साऱ्या रांगा एकदम म्हणाल्या, "बस!"

फोकसनं हात काढून घेतला. पडद्यावर त्याला ढगच दिसत होता. पण माणसं पुढे सरसावून बसली, त्याच्यापुढच्या बाई हलक्या आवाजात "अगं बाई, किती रेघा," म्हणाल्या, आणि मुलगी बोलायला लागली. व्याख्यानभर त्यानं डोळे मिटून तिचं ऐकलं. इतक्या वर्षांत त्यानं पूर्ण ऐकलेलं ते पहिलंच व्याख्यान, कारण एरवी त्याचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यांत असे.

संपल्यावर लोकांनी मुलीला घेरलं आणि बोलत बोलत खाली नेलं. फोकसनं दिवा विझवला आणि जाळीसमोर तळवा धरून बसला. बायको शेवटच्या रांगेतून उठून आली, शेजारची खुर्ची ओढून बसली, आणि पिशवीतून सुई आणि दोरा काढून त्याच्यापुढे धरला.

"थट्टा करतेस?"

"मी सांगते ना. ओवा तुम्ही."

त्यानं सुई उजेडाकडे धरली. भोक काही दिसलं नाही. दोऱ्याचं टोक ओलं करून त्यानं पुढे नेलं.

"थोडं डावीकडे," ती म्हणाली. "वर घ्या जरा. अजून. हां, बस."

दोरा आरपार गेला. पंखा अजून फिरत होता, म्हणून दोघं तिथेच बसून राहिली.